घर बंद आढळले

आमच्या घरी नाताळच्या भेटवस्तू आणायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं, आणि ते नव्हतं तोवर आमच्याकडे नाताळ वेळेवर येत असे. हे वाक्य माझ्या बायकोचं आहे. खरं असल्यामुळे मी ते वापरतो, एवढंच.

ते काम दादाचं होतं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो जुलैमध्ये गेला. ऑफिसात पाणी प्यायला उठला, यंत्रापाशी गेला, ग्लास भरला आणि खाली बसला. आजूबाजूच्यांना वाटलं, हातातून काहीतरी पडलं म्हणून वाकलाय. दादाला सगळं आधी करून ठेवायची सवय होती. स्वेटर तो ऐन उन्हाळ्यात घ्यायचा, कारण तेव्हा दुकानात कोणी नसतं. नाताळच्या वस्तू सप्टेंबरमध्येच त्याच्या कपाटावर कागदात बांधून तयार असायच्या. गेलाही तसाच. वडिलांच्या आधी, माझ्या आधी, कोणासाठी न थांबता.

डिसेंबर लागला तेव्हा यंदा काय करायचं यावर आमच्या घरात चर्चा झाली. चर्चा म्हणजे आम्ही तिघं टीव्हीकडे बघत बसलो होतो आणि टीव्ही बंद होता. नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले की यंदा झाड नको, दिवे नकोत, लवकर जेवू आणि झोपू. बायको म्हणाली, एक मेणबत्ती लावू, वहिनींना आणि बिट्टीला जेवायला बोलावू, बास. बिट्टी ही दादाची मुलगी, दहा वर्षांची. मला हे काही पटेना. पोरीचा बाप गेला, आता तिचा नाताळही काढून घ्यायचा का, असं मी जरा मोठ्याने बोललो. त्यानंतर जी शांतता पसरली तिला मी संमती समजलो आणि वस्तूंचं मी बघतो असं जाहीर करून टाकलं. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी विमान चालवतो म्हणालो होतो.

आता यात लघुउद्योग कुठून आले, ते सांगतो. दातांच्या डॉक्टरकडे बसलो असताना मी एका मासिकात लेख वाचला होता. मोठ्या कंपन्यांच्या गोदामातून येणाऱ्या वस्तूंना माणसाचा हात लागलेला नसतो, आपण घरगुती कारागिरांकडून घ्यावं, त्यांच्या चुली पेटत्या ठेवाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. मला ते मनापासून पटलं. दाढ ठणकत असली की माणसाला कुठलीही गोष्ट लवकर पटते. अशा छोट्या कारागिरांचं सामान एका ठिकाणी मिळणारी एक वेबसाइटही त्यात दिली होती.

मी नानांचा टॅब घेतला, कारण त्याचा पडदा मोठा आहे आणि माझा चष्मा जुना. हा टॅब नानांना औषधं मागवता यावीत म्हणून दादानेच आणून, सगळं लावून दिला होता. मी वहिनींसाठी हातमागावरची हळदी रंगाची शाल निवडली. ती विणणारी बाई कुठल्याशा डोंगरातल्या गावात राहत होती आणि फोटोत अतिशय थकलेली दिसत होती, त्यामुळे शाल अस्सल असणार याची खात्री पटली. नानांसाठी घरात घालायच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता, बायकोसाठी मातीची किटली आणि बिट्टीसाठी गोट्यांची लाकडी घसरगुंडी. वरून गोटी सोडायची, ती जिन्यांवरून, पुलांवरून, भोवऱ्यातून खडखडत खाली येते. एक सुतार आणि त्याची बायको मिळून ती बनवत होते. पैसे माझ्या कार्डातून गेले, माझ्या फोनवर बँकेचा आकडा आला, तो मी टाकला. पुढे कोणी काही विचारलं नाही म्हणून मीही पुढे काही बघितलं नाही. टॅबवर फुलांचा गुच्छ उमलला आणि खाली अक्षरं आली, 'तुमची ऑर्डर प्रेमाने तयार होत आहे.'

हे प्रेम पुढे बरेच दिवस चाललं.

वाट बघण्याच्या बाबतीत मी अडाणी नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी तक्रारींच्या टेबलावर बसतो. लिफ्ट अडकली की फोन माझ्याकडे येतो आणि 'आमचा माणूस निघालाय' असं मी सांगतो. माणूस कधी खरंच निघालेला असतो, कधी जेवायला बसलेला असतो, कधी त्याला अजून कोणी नोकरीवर ठेवायचं असतं. तेव्हा 'तयार होत आहे' म्हणजे काय, हे मला न कळायला मी काही कालचा नाही. फक्त आम्ही आमच्या धंद्यात प्रेमाला मध्ये आणत नाही.

तळमजल्यावर शिकवणी घेणाऱ्या एक बाई राहतात. त्या सगळं मोठ्या कंपनीकडून मागवतात आणि ते दुसऱ्या दिवशी येतं. मी कामावरून परतायच्या वेळेला त्या नेमक्या दारात खोका फोडत उभ्या असायच्या. तुमचं आलं का, असं विचारायच्या आणि मी बोलायच्या आत त्यांना दुःख झालेलं असायचं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांना दुःख वगैरे झालं नाही, उलट ते तरुण दिसू लागले. पार्सल म्हणजे काय हे आताच्या कुरिअरवाल्यांना माहीतच नाही, हे त्यांचं मत गेली कित्येक वर्षं श्रोत्यांअभावी पडून होतं. जिन्यात मला गाठून त्यांनी लाखेच्या मोहरेपासून सुरुवात केली. तक्रार लेखी करावी, तीन प्रती काढाव्यात, एक स्वतःजवळ ठेवावी, असा त्यांचा सल्ला होता. कोणाकडे करावी, असं विचारल्यावर ते म्हणाले की हाच तर मुद्दा आहे, आता तसं कोणी राहिलेलं नाही.

याच सुमारास एका रविवारी वहिनी आल्या. जुलैनंतर वहिनी आमच्याकडे यायच्या त्या दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून, निघायच्या तयारीत बसायच्या. त्या दिवशी त्या सरळ आत आल्या. वेणी नीट घातलेली, अंगावर इस्त्रीचे कपडे. पर्समधून कोरा कागद आणि पेन्सिल काढून त्या नानांसमोर जमिनीवर बसल्या आणि पाय ठेवा म्हणाल्या. नानांनी निमूटपणे पाय ठेवला. त्या पायाभोवती त्यांनी पेन्सिल फिरवली, कागदाची घडी केली, चहा घेतला आणि गेल्या. कशाला, असं मी विचारलं तर नुसत्या हसल्या.

दार लावून घेतल्यावर बायकोने स्वयंपाकघरात चहाचे कप विसळले. मग म्हणाली, "वहिनींना काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"बरं वाटतंय त्यांना. मला भीती वाटते."

मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. माणसाने कधीतरी सावरायचंच, वगैरे मी बोललो. असं बोलायला फारसा विचार करावा लागत नाही.

नाताळ तोंडावर आला तेव्हा मी ऑफिसातून त्या वेबसाइटच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी बासरी ऐकवली, मग एक मुलगी बोलू लागली. आवाजावरून चांगल्या घरातली वाटली. माझ्या टेबलावर मी जो आवाज वापरतो तोच ती वापरत होती, त्यामुळे सुरुवातीलाच माझा धीर खचला. तिने बघून सांगितलं की सगळं व्यवस्थित चालू आहे. किटली भट्टीत तडकली होती, ती पुन्हा घडवताहेत, तसं कळवलेलं आहे. शालीच्या बाई आजारी होत्या, तसं कळवलेलं आहे. सपातांसाठी पायाचं माप हवं होतं, ते तुमच्याकडून मिळालं, त्याबद्दल धन्यवाद.

मी म्हणालो की मी कोणाला पाय पाठवलेला नाही.

ती म्हणाली, "सर, नोंदवलेल्या नंबरवरून फोटो आलाय. उत्तरंही रोज येताहेत. फार प्रेमळ उत्तरं आहेत, सर."

कुठला नंबर, असं मी विचारलं. नियमाप्रमाणे तिला फक्त शेवटचे चार आकडे सांगता येत होते. तिने ते सांगितले. मला आधीचे सहा सांगायची गरज नव्हती. तो दादाचा नंबर होता.

टॅबवर खातं दादाचं होतं. नाव दादाचं, पत्ता दादाच्या घराचा, फोन दादाचा. माझं होतं ते फक्त कार्ड. टेबलावर दुसरा फोन वाजत होता. कुठल्यातरी इमारतीत कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं होतं. मी तो उचलला आणि आमचा माणूस निघालाय असं सांगितलं. मग मीच निघालो.

वहिनींचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. बसमध्ये मी एक छोटंसं भाषण तयार केलं. गंभीर, पण हलकंफुलकं. दार उघडलं तेव्हा वहिनींच्या हातात कात्री होती आणि जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद पसरलेले होते. दादाचा फोन फडताळावर, चार्जरला लावून, फोटोफ्रेमला टेकवून उभा ठेवला होता. मी तो बघतोय हे त्यांनी बघितलं. त्यांनी मला खुर्ची दिली, बिट्टी शाळेत असूनही आवाज खाली आणला आणि सगळं सांगितलं.

महिन्याच्या सुरुवातीला बँकेच्या कामासाठी त्यांनी तो फोन पहिल्यांदा चालू केला होता. थोड्याच दिवसांत त्यावर मेसेज आला, तुमची ऑर्डर तयार होत आहे. मग दुसरा, मग तिसरा. हाताने बनवलेल्या वस्तू, शाल, सपाता, किटली, घसरगुंडी.

"तुम्हाला माहीत आहे त्यांचा स्वभाव," वहिनी म्हणाल्या. "हाताचं काम म्हणजे वेळ लागणार, म्हणून उन्हाळ्यातच सांगून ठेवलं असणार. आणि मला पत्ता लागू दिला नाही, भाऊजी."

मी म्हणालो, "हो का."

एवढंच म्हणालो. गंभीर आणि हलक्याफुलक्या भाषणातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. वहिनींनी मला चहा दिला. मी तो प्यायलो. निघताना त्या म्हणाल्या की नानांना आणि घरी काही बोलू नका, सगळ्यांना त्या दिवशीच कळू दे. बिट्टीला मात्र सांगितल्यावाचून त्यांना राहवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. तिने पोळपाटावरचे हात थांबवले आणि म्हणाली की उद्या सकाळी पहिल्या बसने जा आणि सांग. नानांनी पलंगावरून सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, कधीच सांगू नकोस. एका घरातले दोन सल्ले असे सरळ उलट असले की माणूस तिसरीकडे जातो. मी जिना चढून पोस्टमास्तरांकडे गेलो. समजा एखाद्याच्या नावाने पार्सल आलं आणि तो गृहस्थ नसेल तर, असं मी आडून विचारलं. नसेल म्हणजे, त्यांनी विचारलं. नसेलच, मी म्हणालो. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. 'मालक मयत' असा शेरा मारायचा आणि आलं तिथे परत पाठवायचं, दुसरी पद्धतच नाही.

उद्या सांगू, उद्या सांगू असं करत मी नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत आलो. सकाळी वहिनींचाच फोन आला. शाल आणि घसरगुंडी शहरात येऊन पोचल्या होत्या, पण घर बंद आढळलं म्हणून माल कुरिअरच्या गोदामात ठेवला आहे, ओळख पटवून घेऊन जा, असा मेसेज होता. एकटीने जायला धीर होत नाही, तुम्ही बरोबर येता का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. वाटेत सांगू, असं ठरवलं. वाटेत त्या घसरगुंडी कुठे मांडायची याबद्दल बोलत होत्या.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत खोक्यांचे ढीग, चिकटपट्टी ओढल्याचा सारखा आवाज, आणि जाळीमागे मफलर गुंडाळलेला एक कारकून. समोर रांग. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपलंच पार्सल सगळ्यांत महत्त्वाचं असल्याचा भाव. वहिनींनी पर्समधून दादाचा फोन काढला आणि जाळीपुढे धरला.

कारकुनाने नंबर संगणकात घातला आणि ज्यांच्या नावावर माल आहे त्यांनाच मिळेल म्हणाला. मी म्हणालो, ते येऊ शकत नाहीत. मग त्यांच्या सहीची चिठ्ठी आणा. मी म्हणालो, ते सही करू शकत नाहीत. बाहेरगावी आहेत का, त्याने विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुठल्या रकान्यात घालायचं ते कळत नव्हतं.

"ते वारले," वहिनी म्हणाल्या. "जुलैमध्ये."

कारकुनाने पडद्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "असं कसं होईल, बाई? ही ऑर्डर याच महिन्यातली आहे. डिसेंबरचा पहिला आठवडा. कार्ड दुसऱ्याच कोणाचं तरी आहे." आणि त्याने कार्डावरचं नाव वाचलं.

ते अर्थातच माझं होतं.

रांगेतले लोक काहीच न ऐकल्यासारखे पुढे सरकले. वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, त्यामुळे मला काही सांगताही येईना. मी टॅबबद्दल काहीतरी बोलू लागलो. पडदा मोठा असतो, चष्मा जुना आहे, असं काहीतरी. माझा आवाज मला माझ्या टेबलावरून ऐकू आल्यासारखा वाटला.

वहिनींनी मान वळवली, दादाच्या फोनवर आलेला ओळखीचा आकडा शांतपणे कारकुनाला वाचून दाखवला आणि माल द्या म्हणाल्या. त्यालाही बहुधा आमची दया आली असावी. नियम बाजूला ठेवून तो आत गेला. बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परत आला. सकाळच्या गाडीने दोन्ही खोके परत पाठवले गेले होते. आमचा माणूस तुमच्या दारी अनेकदा येऊन गेला, तो म्हणाला, प्रत्येक वेळी घर बंद होतं, तशी नोंद आहे.

"मी घरीच होते," वहिनी म्हणाल्या. "कामावर रजा टाकून दाराशी बसून होते. कोणी आलं नाही."

हे त्या त्याला सांगत होत्या, पण बघत कुठेच नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये आम्ही एका बाकावर बसलो. त्यांचा थांबा आला तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बिट्टीला मी सांगून बसलेय. ते आता तुम्ही येऊन सांगा. मला जमणार नाही."

मी त्यांच्या मागोमाग उतरलो.

बिट्टी टेबलापाशी बसून कागदाचे तारे कापत होती. एका ताऱ्याला सात टोकं झाली होती. वहिनी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी बिट्टीसमोर बसलो. लहान मुलांशी अशा वेळी कसं बोलावं याबद्दलही मासिकांमध्ये लेख येत असतील. माझ्या दुर्दैवाने मी तसा एकही वाचला नव्हता.

"बिट्टी, ते पार्सल बाबांनी नाही पाठवलेलं," मी म्हणालो. "मी मागवलं होतं. चुकून नाव बाबांचं पडलं."

तिने कात्री थांबवली नाही. टोक पूर्ण कापलं, मग विचारलं, "म्हणजे बाबांनी काहीच मागवलं नव्हतं?"

"नाही."

"त्यांना कुठे माहीत होतं मरणार म्हणून," ती म्हणाली. "माहीत असतं तर मागवून ठेवलं असतं."

"हो," मी म्हणालो. "नक्की ठेवलं असतं."

खाली वाकून तिने कपटे गोळा केले आणि पुन्हा वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज साधाच होता. "मग तुम्ही मागवलेलं कधी येणार?"

"माहीत नाही."

"बाबांचं वेळेवर यायचं," बिट्टी म्हणाली.

आयुष्यभर लोकांनी माझी दादाशी तुलना केली आहे आणि प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात एखादा मुद्दा काढला आहे. या वेळी एकही सुचला नाही.

नाताळच्या दिवशी त्या दोघी येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. वहिनी पुन्हा दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर. वेणी घातलेली नव्हती, केस नुसते मागे बांधले होते. बिट्टीने आणलेले तारे बायकोने खिडकीला लावले. देण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. आम्ही जेवायला बसलो आणि प्रत्येकजण दुसऱ्याला काहीतरी वाढत राहिला. नानांनी मध्येच जाहीर केलं की त्यांना सपाता नकोच होत्या, त्यांचे पाय मुळातच गरम असतात.

आणि मग शुभेच्छा द्यायला पोस्टमास्तर आले.

जेवण झालं होतं, त्यामुळे त्यांना बसवावं लागलं. त्यांनी खोलीभर नजर टाकली, एकही खोका दिसला नाही, आणि त्यांचा चेहरा खुलला. आलं नाहीच ना, असं म्हणून त्यांनी वहिनींना आपल्या काळच्या पद्धती सांगायला घेतल्या. मी खाकरलो. बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला, बशी आपटली, पुन्हा उचलून पुन्हा आपटली. पण गाडी थेट ज्या पार्सलांचे मालक मयत झालेले असत तिथे येऊन पोचली. त्यांची कशी वेगळी नोंद व्हायची, शेरा कसा लाल शाईने मारायचा, सगळं त्यांनी तपशिलात सांगितलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि पोस्टमास्तरांना पोटात घ्यावं. मलाही घेतलं असतं तरी चाललं असतं.

वहिनी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता लागला नाही तर?"

"मग फडताळात ठेवायची," पोस्टमास्तर म्हणाले. "वर्षभर."

"वर्षभर कशाला?"

पोस्टमास्तरांनी चहाचा घोट घेतला. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारलेला नसावा. "नियम होता," ते म्हणाले. मग कप खाली ठेवत म्हणाले, "आणि समजा आलंच कोणी न्यायला, तर आपण नाही कसं म्हणणार?"

"यायचं कोणी?"

"नाही," ते म्हणाले. "पण ठेवायचो."

वहिनींनी पर्स मांडीवरून खाली ठेवली आणि तोंडावर हात घेतला. त्या इतका वेळ रडल्या की पोस्टमास्तर चहा अर्धा टाकून उठले आणि दारात मला हळूच विचारू लागले की आपलं काही चुकलं का. मी म्हणालो, तुमचं काही नाही. बायको वहिनींना धरून बसली होती. नाना भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. बिट्टी त्यांच्या पाठीला टेकून बसली आणि खिडकीतले तारे मोजू लागली.

वस्तू जानेवारीत आल्या. मदतकेंद्राला मी आता माझा नंबर दिला होता, त्यामुळे माल परत का आला, पुढे कुठे पाठवायचा, असं कारागीर मला फोन करून विचारत होते आणि प्रत्येकाला मी झाला प्रकार सांगत होतो. सुताराच्या बायकोने ऐकून घेतलं आणि खोका कोणाच्या नावाने पाठवू, असं विचारलं. मी वहिनींना विचारलं. बिट्टीच्या नावाने, त्या म्हणाल्या. त्यामुळे घसरगुंडी नीट पोचली, आणि बिट्टीने दारात ताठ उभं राहून स्वतः सही केली. बाकीच्यांचं काही खरं नव्हतं. किटली आली, पण फक्त झाकण आणि तोटी धड होती. सपाता अतिशय सुबक होत्या, मात्र दोन्ही डाव्या. वहिनींनी नानांचा डावाच पाय काढून पाठवला होता आणि कारागिराने मापात जराही फरक केला नव्हता. शालीच्या बाईंना तर मी जरा जास्तच सांगितलं असावं. त्यांनी हळदी शाल ठेवून घेतली आणि दुःखाच्या घरी शोभेल अशी, कोळशासारखी काळी शाल नव्याने विणून पाठवली.

सदोष माल परत घेतला जाईल, असं वेबसाइटने कळवलं होतं. एका शनिवारी मी रिकामे खोके आणि सुतळी घेऊन वहिनींकडे गेलो. आत बिट्टीची घसरगुंडी चालू होती. गोटी वरून निघायची, कुठेतरी मध्येच थांबायची, मग बिट्टी टिचकी मारायची. वहिनींनी सपाता आणि किटलीचे तुकडे माझ्यासमोर ठेवले. मी शाल मागितली. ती त्यांच्या अंगावर होती.

"ही राहू दे," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो की रंग साफ चुकलाय, हे मी मागवलंच नव्हतं, ही काही घालायची वस्तू नाही. त्या म्हणाल्या, ऊब चांगली आहे.

मग मी, बऱ्याच दिवसांपासून मनात घोळवत होतो ते बोललो. त्या दिवशी या खुर्चीत बसून मी हो का म्हणालो, ते म्हणायला नको होतं. तिथेच सांगायला हवं होतं. वाक्य सरळ आलं नाही, पण आलं.

वहिनी तुकडे कागदात गुंडाळत होत्या. "सांगायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला त्याचा राग आहे, भाऊजी, आणि तो अजून बरेच दिवस राहणार आहे." त्यांनी पुडा बांधून बाजूला ठेवला. "पण सकाळी उठून मी वेणी घालत होते. कोणीतरी यायचंय म्हणून. जुलैपासून तेवढेच दिवस मला बरे गेले. ते काही मी आता परत देणार नाही."

मी मान हलवली. दोन डाव्या सपाता खोक्यात ठेवल्या, वर किटलीचा पुडा ठेवला, झाकण दाबलं आणि सुतळी फिरवली. सुतळीची गाठ एकट्याने घट्ट बसत नाही, मध्ये बोट धरायला कोणीतरी लागतं. मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी वहिनी माझ्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी गाठीवर बोट धरलं.